पेलाजियाच्या तक्रारी

बर्नडीन झुर्को एका जागी बसून कधी बोलत नाही. त्या सकाळी तर तिनं माझ्या स्वयंपाकघरात तीच कॉफी पुन्हा पुन्हा गरम केली आणि शेवटी सिंकमध्ये ओतून टाकली.

"घर जाईल, थेक्ला. माझ्याच हातानं घालवलंय मी."

तिची आई पेलाजिया पडून मांडीचं हाड मोडल्यापासून नर्सिंग होममध्ये होती. तिथला खर्च मेडिकेडमधून, म्हणजे सरकारातून चालला होता. म्हातारं माणूस गेलं की तो खर्च सरकार त्याच्या घरातून वसूल करतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. झुर्कोंचं घर असं मोठं नाही. शेजाऱ्यांशी एक भिंत सामाईक, पुढं दोन पायऱ्या, मागं लसणाचा वाफा. पण शाळेच्या कँटीनमधली नोकरी सोडून आईजवळ राहिलेल्या बर्नडीनला दुसरं छप्परच नव्हतं.

वकीलबाईंनी वाट दाखवली होती. मुलगी आईच्याच घरी राहून निदान दोन वर्षं तिचं सगळं करत असेल, आणि तिच्यामुळेच आई तोवर घरी राहू शकली असेल, तर आईला घर मुलीच्या नावावर करता येतं. मग सरकार त्याला हात लावत नाही. फक्त डॉक्टरांनी तसं लिहून द्यायला हवं.

आणि डॉक्टरांच्या कागदांत दर खेपेला एकच: बाई स्वतःचं सगळं स्वतः करतात.

यात डॉक्टरांचा काय दोष? आमचं गाव खाणकामगारांचं, इथं डॉक्टरला खरं सांगायची पद्धतच नाही. खरं सांगितलं की म्हातारीला घरी परत येऊ देत नाहीत, असं आमच्या आयांनी आम्हाला शिकवलं. डॉक्टरकडे जायचं असलं की बर्नडीन आईला रविवारचा कोट घालायची, ओठांना लाली लावायची आणि गाडीत तिची उजळणी घ्यायची. आज वार कोणता? महिना? गव्हर्नर कोण? पेलाजिया तिथं धडाधड उत्तरं द्यायची. वर सांगायची, कालच कोबीचे रोल केले म्हणून. आणि बर्नडीन मान डोलवायची.

आम्हीही त्यातल्याच. चर्चच्या तळघरात आम्ही बायका विकायला पिरोगी, म्हणजे पाण्यात उकडायच्या करंज्या, करतो. पेलाजियाच्या हातची मुरड कधीचीच सैल झाली होती. उकळत्या पाण्यात तिच्या पिरोगी उघडून सारण बाहेर यायचं. तिची पाठ वळली की आम्ही पुन्हा मुरड घालायचो. तोंडातून कुणी अक्षर काढलं नाही.

"मी सांगते की डॉक्टरांना," मी म्हटलं.

"तू चल. पण त्यांना तिच्याच तोंडून ऐकायचंय. आणि ती मेली तरी कबूल करायची नाही."

नर्सिंग होममध्ये डॉक्टर व्हिटकोम आले तेव्हा पेलाजिया खिडकीशी लाली लावून तयार होती. बर्नडीन पलंगाची चादर ओढत होती, सोडत होती.

"मिसेस झुर्को, घरी असताना आंघोळ कोण घालायचं?"

"कोण घालणार? माझी मी."

बर्नडीन दाराकडे गेली, परत आली.

"आणि मुलगी काय करायची?"

"ही?" पेलाजियानं मान वळवली. "ही मधेमधे करायची. पाणी इतकं कढत ओतायची, डॉक्टर, की कोंबडी सोलावी. पाठ घासताना तर जीव नकोसा करायची."

डॉक्टरांनी पेन उघडलं. "रोज?"

"रोज. बटणं वरखाली लावायची. गोळ्या तोंडात कोंबायची नि गिळेपर्यंत उठायची नाही. माझ्याच घरात शेगडीची बटणं काढून ठेवली हिनं. संडासापर्यंत मागं मागं. बाईमाणसाला काही लाज आहे की नाही?"

"ममा..." बर्नडीन म्हणाली.

"बोलू दे मला. विचारलंय त्यांनी."

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"चर्चची नवी घंटा चढवली तेव्हापासून. त्या दिवशी हिनं मला उलटे बूट घातले. डावा उजव्यात. थेक्लाला विचारा, ती होती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "ही पडली तोवर घंटेला तीन ईस्टर झाले होते, दोन वर्षांच्या वरच," मी म्हटलं. "आणि हिच्या पिरोगी घंटेच्याही आधीपासून फुटत होत्या."

पेलाजियानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"मिसेस झुर्को, मग तुम्ही मला हे कधीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही माझं विचारायचात. हिचं कधी विचारलंत?"

डॉक्टर बराच वेळ लिहीत राहिले. उठताना बर्नडीनला म्हणाले, "सोमवारी कागद वकीलबाईंकडे पाठवतो. एवढं पुरेल त्यांना."

गाडीपाशी आलो. मला वाटलं, आता तरी ही रडेल, नाहीतर हसेल. बर्नडीननं किल्ली कुलपात घातली आणि तशीच ठेवली.

"पाण्यात कोपर बुडवून बघायचे मी, थेक्ला. दर वेळी."

"माहीत आहे गं."

"खरंच कढत असेल का?"

"घर राहिलं ना तुझं? बस आता गाडीत."

ती बसली. गाडी चालू केली, बंद केली.

"तू थांब जरा," ती म्हणाली, "मी तिला विचारून येते."