टाकी उपसायच्या दिवशी कुरड्या

आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन अमरावतीला झाले. घरी परतायचा दिवस तिनेच ठरवला. दवाखान्यात तिला दुखण्यापेक्षा पलंगावर शौचाचे भांडे घेण्याचा जाच जास्त होता. घरी तसले काही चालणार नाही आणि आपण दुसऱ्याच्या घरीही जाणार नाही, हे तिने आधीच सांगून टाकले होते. म्हणून मोर्शी तालुक्यातल्या आमच्या घरी जुन्या बैठ्या संडासाच्या जागी कमोड बसवला. ज्या दिवशी संध्याकाळी माझा भाऊ तिला गाडीने आणणार होता, त्या दिवशी सकाळी त्यात बादलीभर पाणी ओतून पाहिले. पाणी काठापर्यंत चढले आणि तिथेच थांबले.

मागच्या अंगणातले संडासाच्या टाकीचे झाकण लोखंडी सब्बलीने उचकटले. आत काठोकाठ भरलेले होते. ही टाकी वडिलांनी समोर उभे राहून बांधून घेतली होती, गावातल्या कोणत्याही टाकीपेक्षा मोठी. ती आपल्या हयातीत भरत नाही, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, त्यामुळे ती उपसायचा विषय घरात कधी निघालाच नाही. काळ्या मातीतला शोषखड्डाही चोंदलेला होता. वडिलांनी वाकून आत पाहिले.

"पाव्हण्यायनं भरवली," ते म्हणाले.

फोन करून मोर्शीहून मैला उपसायचा टँकर बोलावला. तो दुपारी आला. चालक पन्नाशीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. सोबत त्यांच्याच वयाचा एक मदतनीस होता. मागच्या गल्लीत टँकर लावताना शेजारच्या काकू आडव्या आल्या. त्यांच्या अंगणात, गल्लीला लागून, चार बाजा होत्या. बाजांवर ओली लुगडी आणि लुगड्यांवर त्याच सकाळी पाडलेल्या कुरड्या. गहू भिजवण्यापासून चीक शिजवण्यापर्यंत काकूंचे मागचे काही दिवस त्यात गेले होते. ओली कुरडई कसलाही वास धरते.

"इथं टाकी उपसान, तं माह्या कुरड्या कोण खाईन?"

"हम खा लेंगे, बाई," चाचा म्हणाले.

"तुमी खासान. माहा जावई काय म्हणन?"

वडील म्हणाले, "वहिनी, तासाभराचं काम हाय."

"वासाले घड्याळ समजते का, भाऊजी? वल्ल्या हायेत त्या. उन्हं उतरेपर्यंत थांबा."

थांबणे शक्य नव्हते. चाचांना पुढे आणखी एका गावात जायचे होते. ते गेले असते, तर दुसऱ्या दिवसाशिवाय आले नसते, आणि आई संध्याकाळी येणार होती. काकूंनाही हे माहीत होते. दवाखान्यात आईला भेटून आलेल्यांपैकी त्या एक होत्या.

त्या अंगणातल्या चुलीपाशी गेल्या. विस्तवावर थोडा ओला पाला टाकला आणि धूर कुठे जातो ते पाहत राहिल्या. धूर आमच्या घराकडे न वळता त्यांच्या अंगणावरून मागे शेताकडे गेला.

"तुमचं पुढचं अंगण," त्या म्हणाल्या. "वास तिकडं येत नाही."

"टाकी आमची, अन् कुरड्याबी आमच्याच दारात?" वडिलांनी विचारले.

"मंग काय अमरावतीले नेऊ?"

दोन्ही घरांमधले फाटक अरुंद होते. बाजा तिरप्या केल्या असत्या, तर कुरड्या घसरल्या असत्या. त्यामुळे गल्लीतून वळसा घालून, सपाट धरून न्यायचे ठरले. काकूंनी क्रम लावून दिला. "आधी कुरड्या, मंग टाकी. अन् हात धुवा सगळे." बाजेच्या एकेका पायाशी एकेक जण उभा राहिला: वडील, चाचा, मदतनीस आणि मी. काकू पुढे कोंबड्या हाकत चालल्या. सायकलवरून जाणाऱ्या एकाने विचारले, "वरात कोणाची, काकू?" तिसऱ्या बाजेला वडिलांचा पाय दगडावर पडला आणि एका कोपऱ्यातल्या कुरड्यांचा गोळा झाला.

"ह्या भाऊजीच्या वाट्याच्या," काकू म्हणाल्या.

बाजा लागल्यावर त्यांनी उरलेला चीक दूध-साखर घालून आणला. मदतनिसाने टँकरमधला आपला डबा पुढे केला. काकूंनी तो बाजूला ठेवला आणि त्याच्या हातात घरातली वाटी दिली. त्याने चीक सावकाश खाल्ला, दुसऱ्यांदा मागून घेतला.

मग पाइप टाकीत सोडला. पंप सुरू झाला आणि वास धुराच्याच वाटेने शेताकडे गेला. चाचांनी वडिलांना बिडी विझवायला लावली आणि झाकणापासून लांब उभे केले. तळाचा थोडा गाळ त्यांनी मुद्दाम राहू दिला.

"पूरी खाली नही करते. दह्याले विरजण ठेवता ना, तसं. अन् संडासात अॅसिड टाकू नका आता, विरजण मरते."

"टाकी मोठी हाय तशी," वडील म्हणाले.

"बडी है. पण टाकी हाय, विहीर नाही."

काकू हसल्या. वडीलही हसले, थोडे उशिराने.

टँकर गेल्यावर कमोडमध्ये पुन्हा बादली ओतली. पाणी घळघळत खाली गेले. वडिलांनी खात्रीसाठी आणखी एक ओतली.

आई दिवेलागणीच्या आधी आली. वॉकर टेकत फाटकातून आत शिरली आणि बाजा पाहून थांबली. "कोणाच्या घरी आणलं मले?" तिने विचारले. वाट नव्हती. काकूंनी आणि वडिलांनी दोन बाजा हातभर सरकवल्या. मधून वॉकर जेमतेम गेला. चहा ठेवला होता, पण ती बसली नाही. सरळ मागच्या बाजूला गेली आणि दार लावून घेतले.

वडील दारापाशी उभे राहिले. बाकीचे पुढच्या अंगणात थांबले. आतून पाणी सोडल्याचा आवाज आला आणि तो कुठे न अडता खाली उतरत गेला.

"जमलं का?" वडिलांनी विचारले.

"जमलं," आई आतून म्हणाली. "दाराशी उभे राहू नका."