मज्जा काढण्याआधीची दोन इंजेक्शनं

ह्यांच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली, तेव्हा दुबईत आम्हाला सहा-सात वर्षं झाली असतील. हे रास अल खोरच्या एका गोदामात स्टोअरकीपर. दोन जिने चढले की भिंतीला टेकायचे. रक्त तपासलं तर लाल पेशी कमी, पांढऱ्या कमी, सगळंच कमी.

डॉक्टर लखनौकडचे, शांत. मला कागदावर गोल काढून दाखवत बसले. रक्त तयार होतं मज्जेत. एका रोगात तिथे कच्च्या पेशींचीच गर्दी होते, तो ब्लड कॅन्सर. एकात मज्जा ओस पडते, नुसती चरबी उरते. बी-ट्वेल्व्ह कमी पडलं तर पेशी फुगतात, पण पिकत नाहीत. आणि एकात त्या वेड्यावाकड्याच घडतात, तो पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. मी आपली मनात फुगलेल्या पेशी मागत होते. काय पण मागणं!

रिपोर्ट आला. लाल पेशी बऱ्यापैकी नीट, पांढऱ्या मात्र आकाराने अवाढव्य, आणि रक्तात बी-ट्वेल्व्ह भरपूर. "मुझे चौथावाला लगता है, बहनजी. मज्जा फिर निकालेंगे."

घरी मुलगी म्हणाली, "आई, व्हाय आर यू सो क्वाएट?"

काय सांगू? भारतातल्या सुटीवरून येताना आमची अर्धी बॅग औषधांची असायची. त्यात ताकदीची तांबडी इंजेक्शनंही. मज्जा काढायच्या दोन-तीन दिवस आधी, खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडून मीच ह्यांना दोन टोचून घेतली होती. आता खोका काढला, चष्मा लावून वाचला. बी-ट्वेल्व्ह! बोलले तर चिठ्ठीशिवाय टोचलं म्हणून त्या बाईची नोकरी जाणार. न बोलले तर ह्यांच्या हाडात पुन्हा सुई.

सकाळी एकटीच गेले, खोका टेबलावर ठेवला.

"किसने लगाया?"

"मैंने."

"आपको आता है?"

"जी."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खोका उचलून वाचला. "पहले बोलना था ना! लाल सेल इस इंजेक्शन से जल्दी सुधरते हैं, सफेद को टाइम लगता है. इसीलिए गड़बड़ दिखी."

पुन्हा मज्जा काढणं टळलं. दर आठवड्याला रक्ततपासणी, दर आठवड्याला त्याच खुर्च्या. माझे तर पायच दुखायला लागले. पण आकडे चढत गेले, आणि महिन्याभराने डॉक्टर म्हणाले, "खलास, बात ख़त्म. बी-ट्वेल्व्ह की कमी ही थी. और कुछ नहीं."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "अगं, आता तरी हस."

म्हटलं, "अहो, उद्या हसते. आज मला झोपू द्या."