आजीचं माहेरचं नाव

आईनं म्हातारपणी एकच हट्ट धरला: तिच्या आईचं माहेरचं नाव काय होतं, ते शोधून दे. आजी गेली तेव्हा आई रांगत होती. लग्नात नाव बदलायची आमच्याकडे रीतच, त्यामुळे सासरी ठेवलेलं तेवढं उरलं. "मरायच्या आदी तिला तिच्या नावानं हाक मारायची हाय," आई म्हणायची.

मी कागदांच्या मागे लागले. आजी शाळेत गेली नव्हती, म्हणून दाखला नाही. जमीन नावावर नव्हती, म्हणून उतारा नाही. मृत्यूच्या नोंदीत ती अमक्याची बायको. सरकारला बिचाऱ्याला तेवढं पुरलं होतं.

शेवटी हेळव्याला बोलावलं. घराण्यांच्या वंशावळी सांगत हे लोक गावोगाव फिरतात. पूर्वी बैलावर यायचे, हा मोटारसायकलवर आला. सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर मांडी घालून, त्यानं आईच्या माहेरचे झाडून सगळे पुरुष वहीतून कानडीत चालीवर वाचले. मधे पणजोबांनी दान दिलेली गायही आली, डावं शिंग मोडलेली.

"आन् माझी आई?"

"बायकांची नावं न्हाईत लिवत, अव्वा."

"गाईचं शिंग लिवलंय की!"

तो ओशाळला. पाणी मागितलं.

मी आजीच्या तांब्यातून दिलं. आजीची म्हणून आईकडे तेवढी एकच वस्तू. दर सोमवारी चिंच लावून आई स्वतः घासायची, दुसऱ्या कुणाला घासू द्यायची नाही. रिकामा तांब्या परत घेताना मला त्यावर टिंबं दिसली. चष्मा लावून खिडकीपाशी नेला. रुखवतातल्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नावं घालतात, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि आईला वाचता येत नाही. बुडाखाली, जिथं कुणी फारसं घासत नाही, देणाऱ्या वडिलांचं नाव आणि 'दुधनी' हे गाव ठसठशीत होतं. पोटावर, मुलीचं नाव असावं तिथं, चार-पाच टिंबं आणि नुसती चकाकी.

"ती नक्षी न्हवं व्हय?" आईनं विचारलं. "तितं लई काळं धरायचं, म्हनून मी जास्त घासायची."

मला रडू आलं. तिला नाही आलं.

पुढच्या सोमवारी मी चिंच भिजत घातली. आईनं वाटी बाजूला सारली. तांब्या आता काळा पडत चाललाय. रोज सकाळी ती त्या टिंबांवरून बोट फिरवते आणि येते तेवढी हाक मारते, "आई."