पायरीखालचा राऊत

आमचं गाव पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याखाली, नदीच्या पलीकडच्या अंगाला. गावाच्या वर एक मोकळा माळ होता आणि माळावर दगडी चौथरा. चौथऱ्यावर गुडघ्याच्या थोडे वर येतील असे दगड ओळीने उभे होते, आणि प्रत्येकावर घोडा आणि भाला धरलेला स्वार कोरलेला. गावात त्यांना राऊत म्हणत. घाट उतरून आलेली फौज अडवताना घोडेस्वारांची एक अख्खी तुकडी या माळावर कापली गेली, तिची ही आठवण, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. लढाई कुठली, कोणाकोणात झाली, हे कोणाला धड सांगता येत नसे.

दसऱ्याला राऊतांना तेल-शेंदूर लावायचा मान आमच्या घराचा. माझे वडील तरुणपणी सरकारी रिसाल्यात स्वार होते, पहिल्या महायुद्धात समुद्रापार जाऊन आलेले. परत आले ते एका पायाने लंगडत, पण दसऱ्याला रिसाल्यातला जुना पट्टा कमरेला बांधून माळावर जात. देवाला लावावं तसं तेल ते लावत नसत. घोड्याला खरारा करतात तसा मानेपासून शेपटीकडे हात फिरवत लावत, आणि तोंडाने घोड्याशी काहीतरी पुटपुटत. मला ते फार आवडायचं.

माझे चुलतकाका मुंबईला गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. एकोणीसशे पन्नासच्या पुढच्या कुठल्याशा वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि गावात नवं घर बांधायला काढलं. त्या पावसाळ्यानंतर आम्ही माळावर गेलो तर ओळीतला एक राऊत नाही. खड्ड्यातली माती अजून भुसभुशीत होती, आणि बैलगाडीची चाकोरी तिथून निघून थेट काकांच्या नव्या जोत्याशी गेली होती. वडील तिथे गेले. पायरी नुकतीच बसवलेली होती, मधला दगड बाकीच्यांपेक्षा जुना, वर सपाट. वडिलांनी त्याला हात लावला आणि ते घरी आले.

गावकी बसली तेव्हा त्यांनी हा विषय काढला. काकांनी सगळ्यांसमोर ग्रामदेवतेची शपथ घेतली, की दगड नदीतून आणलाय. मग हसून म्हणाले, "रिसाल्यात हा घोड्याची लीद काढत व्हता. याला दगड वळखायला कुठून येनार?" लोक हसले. सगळे नाही, पण बरेच हसले. त्यात आमचं अन्न खाल्लेलेही होते.

वडील त्यानंतर गावकीत बसले नाहीत. दसऱ्याला माळावर गेले नाहीत. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, आणि शिमग्याच्या सुमारास ते गेले. वैद्य छातीचं दुखणं म्हणाला. आई म्हणाली, छातीचंच, पण बाहेरून लागलेलं.

मी तेव्हा सतरा-अठराची असेन. आई रडेल, शिव्याशाप देईल, असं मला वाटलं होतं. तिने तसं काहीच केलं नाही. दिवस झाल्यावर ती कोयता घेऊन नदीकाठच्या आमच्या शेतावर जायला लागली, आणि बहुतेक सगळा दिवस तिथेच असायची. नदी पायी ओलांडायच्या उताराशीच ते शेत. एस. टी.तून उतरून गावात येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या बांधावरूनच यावं लागे.

काकांचा मोठा मुलगा लग्नाचा होता. मुंबईत नोकरी, नवं कौलारू घर, स्थळं आपण होऊन यायची. पहिली माणसं महाडकडून आली. आईने बांधावर उभं राहून कोणाकडे निघालात विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर म्हणाली, "जावा. पन पायरीच्या मधल्या दगडावर पाय देऊ नका. त्याच्याखाली राऊत पालथा निजलाय." आणि पुन्हा गवत कापायला वाकली.

माणसं घरापर्यंत गेली. पायरीपाशी थांबली. काकूने पाय धुवायला पाणी पुढे केलं, पण कोणी पाय उचलेना. त्यांच्यातल्या एका म्हातारीने विचारलंच, की हा दगड कुठला. काका चिडले. चिडलेला माणूस पाहून पाहुण्यांना जे कळायचं ते कळलं. रणात पडलेल्याला पायाखाली घातलेल्या घरात मुलगी द्यायला कोण धजेल?

त्यानंतर जे जे आले त्यांना आईने तेच सांगितलं. एक शब्द जास्त नाही, कोणाचं नाव नाही. वरंधकडची माणसं तर उतारावरूनच परत फिरली. त्या संध्याकाळी आई घरी आली, तिने भाकऱ्या थापल्या आणि नेहमीपेक्षा एक जास्त खाल्ली. मलाही त्या दिवशी भूक लागली होती. त्या मुलाचा काही दोष नव्हता हे आम्हाला कळत होतं. पण काकांना दुखेल असं दुसरं काही आमच्या हाताशी नव्हतं.

काकांनी आमच्याकडे माणसं पाठवून पाहिली. मग आमच्या शेताचं पाटाचं पाणी तोडलं. आईने डोक्यावरून पाणी आणून भाजी जगवली आणि बांध सोडला नाही. शेवटी त्यांनीच गावकी बोलावली, की ही बाई माझ्या घराची बदनामी करते. बायका गावकीत बोलत नसत. गावकी बसली होती त्या देवळाच्या बाहेर आई उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "दगड उलटा करा. खाली काय नसलं तर माझं डोकं त्या पायरीवर ठेवीन, समद्यांनी पाय द्या."

यावर नाही म्हणायला काकांना जागा राहिली नाही. सगळा गाव त्यांच्या अंगणात जमला. दोघांनी पहार घातली आणि दगड उलटला. चुन्याखाली घोडा दिसला, चारी पाय, शेपूट, सगळं शाबूत. स्वार होता, त्याचा भाला होता, पण डोकं नव्हतं. दगड सपाट बसावा म्हणून ते छिन्नीने उडवलेलं होतं. गावकीत हसलेलेही तिथेच होते, ते जमिनीकडे बघत होते.

गावकीने दंड करायचं ठरवलं. आई म्हणाली, दंड नको. "ज्यानं आनला त्यानं न्यावा. गाडी नाय, बैल नाय, दुसऱ्याचा हात नाय."

काकांनी दगडाला दोर बांधला, खांद्यावरून घेतला आणि ओढायला लागले. पन्नाशीचा जाडसर माणूस, मुंबईत पंख्याखाली बसलेला. गल्लीतून दगड घासत निघाला. मुलगा मदतीला पुढे झाला तर आईने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तो मागे सरला. चढावर काका गुडघ्यांवर आले, तळहात सोलवटले, धोतर मातीने भरलं. आम्ही दोघी मागून चालत होतो. घाई नव्हती. दोराचा प्रत्येक हिसका मी डोळे भरून पाहिला. आता केस पांढरे झाले, तरी ती दुपार आठवली की माझ्या छातीत गार वाटतं. मला त्याची लाज वाटत नाही.

दुपार कलल्यावर दगड चौथऱ्याशी आला. काका तिथेच बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. आईच्या कडेवर घागर होती. तिने ती सगळी दगडावर ओतली आणि पदराने चुना पुसत बसली. पुसून झाल्यावर म्हणाली, "डोकं कुठं हाय त्याचं?"

घरामागच्या दगडांच्या कपच्यांत काका कित्येक दिवस ते शोधत होते. सापडलं नाही. तसाच बिनडोक्याचा राऊत ओळीत उभा केला. पुढे त्या मुलाचं लग्न खेडच्या बाजूला झालं. आईने त्या माणसांना काहीच सांगितलं नाही, आता सांगण्यासारखं उरलं नव्हतं. काका मात्र त्यानंतर मागच्या दारानेच जा-ये करत.

ते वारले तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं, आणि मी बाळाला घेऊन माहेरी आले होते. काकू स्वतः आमच्या अंगणात आली. म्हणाली, भावकी हाय, शेवटचं तोंड तरी बघायला या. आई नाचणी झोडत होती. तिने हात थांबवला नाही.

"तू ये गो," काकू मला म्हणाली. तिच्याशी माझं भांडण नव्हतं. लहानपणी तिने मला फणसाचे गरे पुष्कळ खाऊ घातले होते.

"मी नाय येत, काकू," मी म्हटलं.

ती आली तशी परत गेली. मी बाळाला ओटीवर निजवलं, दुसरं दांडकं घेतलं आणि आईसमोर बसले. वर आभाळ भरून आलं होतं, आणि नाचणी भिजायच्या आत आवरायला हवी होती.