वायरवाला अडॅप्टर घेऊ की वायरलेस?

अगं ऐक ना, चहा ठेव बाजूला! आत्ताच, अगदी आत्ताच माझा डेमो झाला. म्हणजे झाला असं म्हणायचं की नाही, ते तूच ठरव.

पण सुरुवातीपासून सांगते. तू परवा मेसेज केलेलास ना, "घरच्या इंटरनेटसाठी पॉवरलाइन अडॅप्टर घेऊ की वायरलेस?" बाई गं, मी दोन्ही घेतलेत! आणि दोघांनी मिळून माझी जी काही शोभा केलीय! ज्या घरात इंटरनेट सुरळीत चालतं ना, तिथे किस्से होतच नाहीत बघ. तोंडवलीला मामाकडे येऊन मला महिना झाला, आणि एवढे साठलेत की कुठून सुरू करू तेच कळेना.

तुला माहितीये, मी पुण्यातली खोली सोडून आले. "समुद्राकडे बघत कोडिंग करणार" असं अख्ख्या ऑफिसला ऐकवून! मॅनेजर मॅडमनी परवानगी दिली, पण एक अट घातली. "क्लायंटच्या डेमोला कॉल तुटला, तर सोमवारी सकाळी मला तू ऑफिसात दिसली पाहिजेस." माझं प्रोबेशन संपणार की वाढणार, तेही त्याच डेमोवर. आणि पुण्यात मला आता राहायला जागा नाही!

*

मामाचा होमस्टे आहे. पुढे घर, मागे नारळांत पाहुण्यांसाठी दोन खोल्या. राउटर घरात, आणि मला दिली मागची खोली. सिग्नल शून्य!

"मामा, भिंती कसल्या आहेत रे?"

"चिऱ्याच्यो! माझ्या हातान बांधलेला घर ह्या. आतसून तोफ सुटली तरी भायर आयकाक येवची नाय!"

"मामा, वाय-फाय पण येत नाही."

"बघ! किती मजबूत!"

मग मी वायरलेस अडॅप्टर मागवला. लॅपटॉपला लावायचा, लांब अँटेनावाला. खोक्यावर लिहिलेलं, "भिंतींच्या आरपार!" लिहिणाऱ्याने चिरा बघितलेला नसणार. लॅपटॉप घेऊन मी अख्ख्या बागेत फिरले, तर सिग्नल मिळाला एकाच जागी. कपडे धुवायच्या दगडावर. बरोब्बर माडाखाली!

मामी ओरडली, "थंय बसा नको गो बाय, नारळ पडतलो!"

पण मीटिंग तर सुरू झालेली. मामा धावत आला आणि त्याचं हेल्मेट माझ्या डोक्यात घालून गेला. मी म्हटलं, कॅमेरा बंद आहे, कोणाला कळतंय?

कॅमेरा बंद नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "तू गाडी चालवतेयस का? आधी बाजूला घे!"

मी काय केलं माहितीये? "घेतली मॅडम," म्हटलं आणि दोन इंच सरकले!

*

मग आला पॉवरलाइन. एक डबी राउटरजवळच्या प्लगमध्ये, दुसरी आपल्या खोलीतल्या प्लगमध्ये, आणि इंटरनेट घरातल्या लाइटच्या वायरीतूनच येतं. हे मी मामाला ओटीवर बसवून तासभर समजावलं. कागदावर चित्रं काढून! मामाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मगे लाइट गेली की इंटरनेट काळोखात दिसाचा नाय?"

माझा आत्मविश्वास बघ. मी म्हटलं, "मामा, इंजिनिअर मी आहे की तू?"

दोन्ही डब्या लावल्या. काही नाही! पॉवरचा सोडून एक दिवा मिणमिणेल तर शपथ! चार दिवस कंपनीच्या कस्टमर केअरशी भांडले. एक स्टारचा रिव्ह्यू टाकला, चांगला दीड पानी. शेवटी मामाने गावातल्या वायरमनला बोलावलं. बाबलदादा. आला, डबीकडे बघितलंसुद्धा नाही.

"ही खोली खंयच्या मीटरार आसा?"

अगं, पाहुण्यांच्या खोल्यांना वेगळा मीटर आहे! होमस्टेचा, कमर्शियल. घराचा वेगळा. दोघांच्या वायरींचा एकमेकींशी काही संबंध नाही, मग डब्या बोलणार कशा? आणि ते दोन मीटर कुठे लटकतात सांगू? मी रोज जिथे चपला काढते, त्याच्या बरोब्बर वर. शेजारी शेजारी!

बाबलदादा जाताना मामाला म्हणाला, "चेडू हुशार आसा. नुसता वर बघूची सवय नाय."

*

मग माझं बिऱ्हाड घरात हललं, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. तिथे डबी लावते न लावते तोच मामा नारळ घेऊन हजर. आमच्याकडे नवीन काही सुरू करायचं म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालायचं. होडी असो, दुकान असो, नाहीतर अडॅप्टर! एकाने बोलायचं, बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान जा काय यंत्र हाडल्यान हा, तेका यश दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी, मामी, आणि बाबलदादासुद्धा.

"वायरीतसून जा काय जाता-येता, ता मधीच अडकान ऱ्हवा नये, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि हेच्या मॅनेजरणीची काय वाकडी नजर आसात, ती सरळ कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मीच सगळ्यात मोठ्याने.

नारळ फुटला, बघते तर डबीचे तिन्ही दिवे केव्हाचेच हिरवे, आणि मला आठवलं की लॅपटॉपवर मी टेस्ट कॉल लावून ठेवलाय. मॅडमशी. कनेक्शन कधी लागतंय याची वाट बघत.

पलीकडून आवाज आला, "आवाज अगदी स्पष्ट येतोय हं."

*

झालं, चाललं! फक्त रोज अकरा वाजता तुटायचं. आमची मीटिंग अकराचीच! मी तक्ता बनवला, वार, वेळ, स्पीड, सगळं. त्यात एक गंमत सापडली. सोमवारी काहीच प्रॉब्लेम नाही! मी कस्टमर केअरला ठणकावून विचारलं, "सोमवारी तुम्ही असं काय वेगळं करता?" तो बिचारा दोनदा सॉरी म्हणाला.

वेगळं मामी करत होती. मासे येतात साडेदहाला, वाटप लागतं अकराला. मिक्सर फिरला की त्याच वायरीतून चाललेलं माझं इंटरनेट खोबऱ्याबरोबर वाटलं जायचं! आणि सोमवारी घरात मासे नाहीत.

मी म्हटलं, "मामी, मिक्सर बारा वाजता लाव ना."

"तू मिटिंग बाराक घी. बांगडे काय तुझ्या मॅडमसाठी थांबतले?"

*

आणि आता आजचं. डेमो अकराला. मामीने स्वतःहून सकाळी नऊलाच वाटप करून ठेवलं. शहाण्यासारखं मिक्सरचा प्लगसुद्धा काढला. क्लायंटची एकच अट, कॅमेरा चालू पाहिजे. मी जरा बरा कुर्ता घातला, पाठीमागे पडवीचं दार उघडं ठेवलं, मागे माड वगैरे छान दिसतात म्हणून!

पहिली वीस मिनिटं, काय सांगू तुला! एकदाही अडकलं नाही. मॅडमचा चॅटवर अंगठा आला. शेवटचा भाग उरला, पाच मिनिटांचा, सगळ्यात महत्त्वाचा. आणि पाठीमागून कोणीतरी बोललं.

"अहो, पाणी सोडा ना! डोळे जळून राहिले माझे!"

मागच्या खोलीत नागपूरचे एक काका उतरलेत. समुद्रात डुंबून आले, डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला, आणि नळाला पाणी संपलं! कारण मामाने आज सकाळपासून विहिरीची मोटारच लावली नव्हती. माझ्यासाठी! मिक्सरने जर तुटतं तर मोटारीने तुटणारच, हे त्याला बरोबर कळलेलं. टाकी रिकामी होते, हे मात्र डोक्यातच नाही आलं.

मामा हळू आवाजात म्हणतोय, "सायबानु, चेडवाची परीक्षा चालली हा. पाच मिनटां बसा." आणि बसवलं! पडवीतल्या बाकावर. माझ्या बरोब्बर मागे. टॉवेल गुंडाळलेले काका, कानापर्यंत फेस, डोळे घट्ट मिटलेले, आणि मामी त्यांच्या हातात कोकम सरबताचा ग्लास देतेय!

मी घाईघाईने बॅकग्राउंड ब्लर केलं. अगं, ते माणसं सोडून बाकी सगळं ब्लर करतं! माड गेले, काका राहिले. आणखीनच उठून दिसायला लागले!

क्लायंटची बाई बोलायची थांबली. पुढे झुकून, अगदी काळजीच्या आवाजात विचारते, "तुमच्या मागे ते गृहस्थ आहेत, ते ठीक आहेत ना?"

मॅडमचा चॅट, "कोण आहे??? हलव!!!"

आता बघ हं. मोटार लावली तर काका आंघोळीला जाणार, पण कॉल तुटणार. नाही लावली तर कॉल राहणार, पण काकाही राहणार! मामाचा हात मोटारीच्या बटणावर, नजर माझ्याकडे. नुसती मान हलवायची बाकी, होय की नाही. क्लायंट उत्तराची वाट बघतेय, काका फेसातून एक डोळा किलकिला करून विचारतायत, "झाली का परीक्षा?"

सांग ना, तू काय केलं असतंस?