माडाखालची झोप

आपा भांडण ऐकायला गेले की कुणाच्याच पडवीत बसत नसत. दोन घरांमधल्या चिऱ्यांच्या गडग्यावर चढून बसत, एक पाय या परसात, एक पाय त्या परसात. दोन्ही घरांचा चहा आल्याशिवाय पेल्याला हात लावत नसत. "एकाच घरची चाय पियालंय तर दुसऱ्याक वाटात, निकाल झालो." तोवर चहा गार होई, आणि बहुधा भांडणारेही.

गावची ग्रामपंचायत नवी होती आणि आपा तिचे सरपंच. मी शाळेत नवा शिक्षक. अक्षर बरे म्हणून पंचायतीच्या नोटिसा लिहायचे काम माझ्याकडे आले. 'आपणांस कळविण्यात येते की' असे मी लिही. आपा ती नोटीस हातात धरून दारात उभे राहत आणि 'बाबा रे, ऐक' अशी सुरुवात करत. यंदा आपा गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की गंगाकाकींचा माड आधी आठवतो.

काकी विधवा. एकुलता मुलगा बोटीवर खलाशी म्हणून गेला तो परतला नाही. त्याने लहानपणी परसात लावलेला माड उंच वाढला आणि शेजारच्या शंकरच्या घरावर कलला, नेमका त्याच्या तान्ह्या मुलीचा पाळणा होता त्या खोलीवर. पंचायतीचा नियम स्पष्ट होता. दुसऱ्याच्या घराला धोका असलेले झाड मालकाने तोडावे, नाहीतर पंचायत तोडील. मी नोटीस लिहून ठेवली.

आपा गडग्यावर बसले. काकी म्हणाल्या, "इतकी वर्सां ह्याच माडाचे नारळ शंकराच्या अंगणात पडत होते, तेवा माड बरो होतो."

"नारळ पडणा वेगळा, माड पडणा वेगळा," शंकर म्हणाला.

"मगे पाळणो हलव. माझ्या झिलाची एवढीच खूण रवली आसा."

आपांनी त्या दिवशी दोन्ही चहा प्यायले, पण नोटीस खिशातून काढली नाही. परतताना वाटेत मी नियमाची आठवण करून दिली. ते म्हणाले, "नियम खंय पळान जाता, मास्तरानू?" दुसऱ्या दिवशी त्यांनी माणसे लावून तो माड काकींच्या परसातल्या फणसाला जाड तारेने ताणून बांधला.

शंकरला भरवसा नव्हता. "तार तुटली तर, आपा?"

"पाळणो मागच्या खोलयेत ने. हंय मी निजतलंय."

"तुमी?"

"दुपारचो. रात्री माझी बायल सोडूची नाय."

आणि खरोखरच, सबंध पावसाळा आपा जेवून चादर खांद्यावर टाकून येत आणि त्या खोलीत झोपत. त्यांचे घोरणे काकींच्या चुलीपर्यंत ऐकू जाई. "सरपंचाक स्वताच्या घरात जागा नाय," असे काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

श्रावणातल्या एका दुपारी वारा सुटला. तार करकरू लागली. काकी परसात आल्या, एकदा माडाच्या शेंड्याकडे आणि एकदा शंकरच्या कौलांकडे पाहू लागल्या. आत घोरणे चालूच होते. भांडण झाल्यापासून शंकरच्या घरात पाऊल न ठेवलेल्या काकी तशाच भिजत आत गेल्या आणि त्यांनी आपांना हलवून उठवले.

"घराक जा रे आपा."

"तार बांधलली आसा मां, काकी."

"तार जळो तुझी. तुझ्या बायलेक मी काय सांगू?" काकी तिथेच भिंतीला टेकून बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पाडेल्याक सांगान धाड. वारो पडलो की तोडूक सांग."

पाडेली, म्हणजे गावात नारळ काढणारा, वर चढला आणि शेंड्यापासून तुकडे करत त्याने माड उतरवला. शेंड्यातला पांढरा, गोड गाभा काकींनी स्वतःच्या हाताने कापला आणि पहिला वाटा शंकरच्या बायकोच्या ओंजळीत ठेवला.

आपांनी परत दिलेली नोटीस मी फाडून टाकली. गावभर आपांच्या हुशारीचे कौतुक झाले. म्हातारीला कसे वळवले, म्हणून लोक हसत. मलाही तसेच वाटे. पुढे एकदा मी त्यांना विचारले, काकी येणार हे तुम्ही आधीच ओळखले होते का?

आपा म्हणाले, "नाय हो, मास्तरानू. माका तिचो माड वाचवूचो होतो. तार टिकता ह्या शंकराक दिसाक व्हया, म्हणान निजत होतंय. मी थंय निजलंय नसतंय, तर माड अजून उभो आसतो."