डिक्कीतलं खोकं

सुमेधचा फोन आला तेव्हा मी शिकवते त्या शाळेत प्रार्थना चालू होती. सुमेध म्हणजे माझ्या अक्काचा मुलगा, पुण्यात नोकरीला. इतक्या सकाळी तो कधी फोन करत नाही. "मावशी, बाबा गेले... मी निघालोय. तू आईजवळ जा," एवढंच बोलला. बीडहून अंबाजोगाईला जाताना एसटीत मला सारखी एकच धास्ती वाटत होती, अक्काला हे कुणी, कसं सांगितलं असेल? तिला ऐकू येत नाही. पोचले तेव्हा कळलं की तिला सांगायची गरजच पडली नव्हती. दाजी अंगणात झाडांना पाणी घालता घालता कोसळले होते. अक्का भिंतीपलीकडे भाकरी थापत होती. शेजारच्या काकूंनी गेटमधून पाहिलं आणि आत येऊन तिचा हात धरून तिला बाहेर नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळं क्षणात संपलं, कुणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं. अक्कानं त्यांच्या ओठांकडे बघून ते समजून घेतलं, मान हलवली, आणि नंतर आल्यागेल्या प्रत्येकाला एकच सांगत राहिली, "ते पडले, आन् मला कळलं न्हाई गं..."

दाजी मूळचे तलवाड्याचे. त्यांच्या थोरल्या भावाचा लाउडस्पीकरचा धंदा होता, आणि शिकत असतानाही दाजींचा जीव त्या वायरींतच अडकलेला असायचा. आम्ही नेकनूरचे. अक्का आमच्या गावच्या गायन पार्टीत गायची. जयंतीच्या दिवसांत पार्टीला गावोगावची बोलावणी यायची. अशीच एकदा ती तलवाड्यात गात असताना माइक भयंकर किंचाळला. अक्कानं गाणं थांबवलं आणि स्टेजवरूनच म्हणाली, "दादा, तुमचं यंत्र माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत गातंय. आधी त्याचं होऊ द्या." सगळा मंडप हसला. कान लाल करून कर्णा फिरवायला धावत आलेला तो पोरगा म्हणजे आमचे दाजी. वर्षभरानं त्यांचं लग्न झालं. पुढं ते अंबाजोगाईत एका कॉलेजच्या ऑफिसात लागले, पण अक्का लाडात आली की त्यांना 'यंत्रवाले'च म्हणायची.

सुमेध कॉलेजात असताना अक्का मोठ्या आजारातून उठली, पण दोन्ही कान गेले. कानाची मशीन लावून पाहिली. तिला नुसती घरघर यायची आणि डोकं दुखायचं. तिनं ती डबीत ठेवून दिली. त्याहून वाईट म्हणजे ती बोलेनाशी झाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग तो केवढा निघतोय, कसा निघतोय याची तिला लाज वाटायची. गाणं तर सोडाच. लग्नाकार्याला जाणं बंद झालं. दाजींनी तिला हाक मारायची आपली पद्धत काढली. फरशीवर टाच आपटायची, पलंगाच्या कडेवर बोटं वाजवायची. ती वळून बघायची, हो-नाही करायची, पुन्हा कामाला लागायची. मी गेले की दाजी मला बाहेरच्या ओट्यावर घेऊन बसायचे. "घरात दोघं हायेत, वनिता, पन बोलतोय मी एकलाच," असं एकदा म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला...

मग त्यांनी जुनी गाडी घेतली, अक्काला घरातून बाहेर काढायचं म्हणूनच. एका उन्हाळ्यात आम्ही तिघं नेकनूरला निघालो होतो. केजच्या अलीकडं एका वरातीत अडकलो. पुढं डीजेची गाडी, तिच्यामागं नाचणारी पोरं, त्यांच्यामागं आम्ही. काचा थरथरत होत्या. मी कानांवर हात ठेवले होते. आणि मागच्या सीटवर अक्कानं स्वतःच्या छातीवर तळहात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवून ती मोठ्यानं म्हणाली, "ढोलकी हाय का?" दाजींनी वळून तिच्याकडं पाहिलं. वरातीनं आम्हाला वाट करून दिली, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी हा माणूस पुढं जाईना. वरात मुख्य रस्ता सोडून गल्लीत शिरली तर दाजीही गाडी घेऊन गल्लीत शिरले! नवरदेवाच्या दारापर्यंत गेलो. तिथल्या लोकांनी आम्हाला वऱ्हाडी समजून सरबत दिलं, ते आम्ही प्यालोही.

दुसऱ्या आठवड्यात दाजींनी अंगणात जुनं कपाट फोडायला घेतलं. मी सुट्टीमुळं तिथंच होते. कपाटाच्या प्लायचं त्यांनी डिक्कीत मावेल असं खोकं केलं, सांधे सरसानं चिकटवले, स्क्रू मारले. बाजारातून एक मोठा वूफर आणला, म्हणजे जाड ठेका वाजवणारा स्पीकर. सीटखाली अॅम्प्लिफायर बसवला, बॅटरीपासून जाड वायर मागं ओढली. "भावाच्या हाताखाली मंडप वाजवलेत, ह्ये तर खोकंच हाय," असं म्हणून ऐटीत बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. फ्यूज उडाला होता. नवा घातला, तोही उडाला. तेव्हा कुठं सापडलं की सीटच्या पट्टीखाली वायर सोलली गेली होती. ते नीट केलं तर खोकं मधूनच वाजायचं, मधूनच गप्प. मग बॉडीला जिथं अर्थिंग दिलं होतं तिथला रंग त्यांनी पॉलिश पेपरनं घासून काढला, पत्रा चकचकीत केला आणि वायर पुन्हा आवळली. आता ते सलग वाजायला लागलं, पण गाडी चालू केली की त्यातून एक बारीक कुंई निघायची, आणि अॅक्सिलेटर दाबावा तशी ती चढत जायची. दाजी उन्हात आडवे पडून गाडीखाली, सीटखाली डोकं घालत होते. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "दाजी, अक्काला कुठं ती कुंई ऐकू येनार हाय? ठेका लागला, झालं की."

ते सीटखालून बाहेर आले. रागावले नाहीत. घाम पुसत म्हणाले, "तिला ऐकू येत न्हाई म्हनून तिच्यापुढं खोटं वाजवायचं व्हय?"

गाण्याची वायर आणि बॅटरीची वायर एकाच बाजूनं नेली होती, म्हणून ते होत होतं. त्यांनी गाडीतला अख्खा गालिचा उचकटला आणि गाण्याची वायर दुसऱ्या बाजूनं नेली. कुंई गेली. तरी ठेका पडला की कुठूनतरी फुस्स... फुस्स... असं यायचंच. खोक्यातून हवा निसटत होती, पण कुठून ते काही केल्या सापडेना. ते कान लावून लावून थकले. अक्का इतके दिवस दारातून नुसती बघत होती. त्या संध्याकाळी ती उतरून आली, डिक्कीसमोर उकिडवी बसली आणि खोक्याच्या सांध्यांवरून तळहात फिरवायला लागली. खालच्या कोपऱ्यापाशी तिचा हात थांबला. "हितं. वारं लागतंय." दाजींनी भुसा आणि सरस कालवून तो कोपरा बुजवला. फुसफुस बंद झाली.

आता आपलं काम झालं असं दाजींना वाटलं, पण अक्काचं काम तेव्हा सुरू झालं. मागच्या सीटवर बसून ती म्हणाली, "ही ढोलकी न्हाई. नुसतं धपधप करतंय." दाजींनी बटण फिरवलं. "आता लई बारीक झालं." पुन्हा फिरवलं. "थाप कळतीय, पन मागं शेपूट ऱ्हातंय." दाजी वैतागून माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ बघ, कान गेले तरी हिच्या तक्रारी काय गेल्या न्हाईत!" तिनं ते ओठांवरून बरोबर टिपलं. "यंत्र तुमचं वाईट, आन् तक्रार माझी व्हय?" दोघं तिथंच भांडायला लागले. कित्येक महिन्यांनी मी त्या घरात भांडण ऐकत होते. मला हसू आवरेना आणि रडूही.

त्यानंतर दर रविवारी गाडी निघायची. बहुतेक वेळा नेकनूरला, आईकडं. दाजींनी एकदा फोनवर मला सांगितलं की केज सोडल्यावर मागून अक्का गुणगुणायला लागली. "सूर पार गेलाय गं. पन लय... लय जाग्यावर हाय." मी विचारलं, मग तुम्ही काय केलं? म्हणाले, "काय करनार? मागं बघितलं असतं तर ती थांबली असती. नेकनूर आलं, तरी गाडी तशीच फुडं दामटली."

दाजी गेल्यानंतर ती गाडी शेडमध्ये तशीच उभी होती. महिना उलटून गेल्यावर एका सकाळी सुमेध म्हणाला, बॅटरी उतरेल, जरा चालू करून येतो. शेडची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. मी अक्काजवळ कांदा चिरत होते. गाडी चालू झाली आणि दाजींनी लावून ठेवलेलं गाणं आपोआप वाजायला लागलं. अक्काचा ओला हात ओट्यावर होता. तो तिथंच थांबला. दुसऱ्या क्षणी ती धावत बाहेर गेली. तिच्यामागं मी. दारातून तिला सुमेधची पाठ दिसली. पाठ अगदी बापासारखी आहे त्याची... ती जागच्या जागी उभी राहिली. सुमेधनं घाबरून गाणं बंद केलं.

"बंद कावून केलं?"

"तुला त्रास होईल, आई."

"लाव."

ती मागच्या सीटवर जाऊन बसली. सुमेधनं गाणं पुन्हा लावलं आणि अक्का रडायला लागली. दहन झालं तेव्हा ती रडली होती, पण तोंडात पदर कोंबून. आता तिनं तोंड दाबलं नाही. शेजारच्या काकू गेटपाशी आल्या आणि तिथंच डोळ्यांना पदर लावून थांबल्या. एरवी याच काकू आवाज कमी करा म्हणून ओरडायच्या. गाणं संपल्यावर अक्कानं तोंड पुसलं. सुमेधला म्हणाली, "तेंचं पडनं मला कळलं न्हाई. पन तेंनी ह्ये सगळं मला कळावं म्हनून केलं." मग नाक ओढत म्हणाली, "चल, नेकनूरला माझ्या आईला भेटून येऊ. खड्डे बघून चालव."

सुमेध आता पुण्याला परत गेलाय. रविवारी मी बीडहून पहिल्या एसटीनं येते आणि गाडी काढते. माझा हात अजून बसलेला नाही, चौकात दोनदा तरी बंद पाडतेच. अक्का दाजींच्या नावानं उसासा टाकते आणि मागं टेकून बसते. केज सोडलं की तिची बोटं माझ्या सीटच्या पाठीवर वाजायला लागतात. ती मला पाठीला कळतात. मी मागं बघत नाही.